पडला कसा, ते आधी विचारा

रेडिओलॉजीत नवीन रेसिडेन्ट रुजू झाले की मी त्यांना पहिली गोष्ट हीच सांगते. अपघाताचा पेशंट सीटीच्या टेबलावर घेतला की लगेच स्क्रीनकडे वळू नका. त्याला विचारा, तो बोलण्याच्या स्थितीत नसेल तर बरोबरच्या माणसाला विचारा, की पडला कसा? रिक्विझिशनवर नुसतं ‘आरटीए’ नाहीतर ‘फॉल’ लिहून आलेलं असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. उंचावरून पायांवर आपटला की दुचाकीवरून उडून डोक्यावर पडला, यावर कोणतं हाड शोधायचं ते ठरतं.

कोकणात आणि गोव्यात नोकरी केलेल्यांना माडावरून पडलेला पेशंट नवा नाही. टाच सुजलेली असते, तो टाच धरून कण्हत असतो आणि सगळ्यांचं लक्ष टाचेकडे असतं. पण टाचेचं हाड मोडलेल्या दहाजणांमागे साधारण एकाच्या कण्यालाही फ्रॅक्चर असतं. टाच इतकी ठणकते की पाठीचं दुखणं त्याला जाणवतच नाही. म्हणून सीटी नुसत्या टाचेचा सांगितला असला तरी लॉग रोल करून मणक्यांवर बोटं फिरवा. कुठे दाबल्यावर दचकला तर तिथूनच ऑर्थोच्या रजिस्ट्रारला फोन लावा आणि कण्याचाही सीटी करून घ्या.

मग सॅजिटल कट उघडा आणि डी-१२, एल-१ पाशी थांबा. मणका पुढून चेपलाय, हे सगळ्यांनाच दिसतं. तुम्ही मागची भिंत बघा. ती वरच्या-खालच्या मणक्यांच्या रेषेत आहे, की तिचा तुकडा मागे नळीत सरकलाय? कोरोनलवर दोन पेडिकल्समधलं अंतर शेजारच्या मणक्यांपेक्षा वाढलंय का? तसं असेल तर ते साधं वेज कॉम्प्रेशन नाही, बर्स्ट आहे, आणि तो पेशंट नीट पाय हलवत असतानाच त्याला जपायचं असतं. एक मोडलेला मणका सापडला म्हणून थांबू नका. दुसरं फ्रॅक्चर चार-सहा मणके सोडून लांब असू शकतं. मानेच्या कण्यात तर डी-१ दिसेपर्यंत अभ्यास पूर्ण झाला असं म्हणूच नका. खांद्यांमुळे तिथली इमेज खराब येते, म्हणून स्कॅनआधी दोन्ही हात अलगद खाली ओढून घ्यायला सांगा.

अ‍ॅक्सियल कट भराभर खाली सरकवून ‘नो फ्रॅक्चर’ लिहायची घाई करू नका. भेग कटाच्याच दिशेने आडवी गेली असेल तर ती दोन कटांच्या मधे लपते. मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या दाताच्या बुडाशी झालेलं फ्रॅक्चर असं लपतं. नुसता कमरेचा पट्टा लावून बसलेला माणूस समोरासमोरच्या धडकेत पुढे दुमडला, तर मणका आडवा चिरला जातो, ते चान्स फ्रॅक्चरही असंच लपतं. सॅजिटल आणि कोरोनलवर दोन्ही स्पष्ट दिसतात. आणि चान्स फ्रॅक्चर दिसलं की आतड्याची इजा शोधायचीच, दोन्ही एकत्र येतात.

आता विंडोबद्दल. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या मशीनवर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन झाला. त्यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर आणि हाडाचं टणक कवच १००० च्या आसपास किंवा त्याहूनही वर असतं. पोटाची विंडो आपण ४० वर मध्य धरून ४०० रुंद ठेवतो, म्हणजे २४० च्या वरचं सगळं एकसारखं पांढरंफटक दिसतं. त्या पांढऱ्यात बारीक भेग कुठून दिसणार? हाडासाठी विंडो २००० च्या आसपास रुंद करा. पण नुसती विंडो बदलून भागत नाही, बोन अल्गोरिदमवर, एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ रिकन्स्ट्रक्शन मागा. छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी झालेला असेल तर त्याच डेटातून कणा आणि ओटीपोटाची हाडं वेगळी काढून मिळतात, पेशंटला दुसऱ्यांदा रेडिएशन द्यायची गरज नसते. मात्र हे टेक्निशियनला त्याच रात्री सांगा. मशीनवरचा रॉ डेटा जागा भरली की पुसला जातो, सकाळी राउंडनंतर मागायला जाल तर हात हलवत परत याल.

थ्रीडी चित्राला भुलू नका. ऑर्थोवाल्यांना प्लेट कुठून बसवायची हे ठरवायला आणि नातेवाइकांना समजावायला ते फार उपयोगी आहे. फ्रॅक्चर आहे की नाही हे ठरवायला मात्र नाही. न सरकलेली बारीक भेग संगणक गुळगुळीत करून टाकतो.

मांडीचं हाड मधे मोडलेला तरुण पेशंट आला की माझा जीव थोडा वर-खाली होतो. जोरदार धडकेत मांडीच्या हाडाबरोबर त्याच बाजूच्या खुब्याची मानही मोडते. असं शंभरात दोन ते नऊ जणांमध्ये होतं. पूर्वी त्यातली पाचात एकापासून निम्म्यापर्यंत फ्रॅक्चर्स पहिल्या तपासणीत सुटल्याच्या नोंदी आहेत, कारण ही भेग बहुधा उभी आणि जागची न हललेली असते. ऑपरेशनमध्ये नेल ठोकताना ती सरकली तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, आणि पंचविशीतल्या मुलाला पुढे कृत्रिम सांधा घालायची वेळ येऊ शकते. म्हणून पोटाच्या सीटीत खुबे आलेच असतील तर त्या मानेतून पातळ कट काढा, तिन्ही दिशांनी बघा, दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. सांध्याच्या कॅप्सूलमध्ये एका बाजूला रक्त भरलेलं दिसलं तर भेग दिसत नसली तरी शंका लिहा. सीटीतही ही भेग कधीकधी सुटते, म्हणून थिएटरमध्ये नेल घालण्याआधी आणि घातल्यावर सी-आर्मखाली मान बघा, असं सर्जनला सांगायला लाजू नका.

गुडघ्यात सांध्याच्या द्रवावर चरबीचा थर तरंगताना दिसला, तर मज्जेतली चरबी सांध्यात उतरली आहे. म्हणजे भेग सांध्यापर्यंत गेली आहे, ती सापडेपर्यंत शोधा. टिबियाच्या वरच्या पठाराचं फ्रॅक्चर असेल तर शॅट्झकर टाइप लिहून थांबू नका. सांध्याचा पृष्ठभाग किती मिलिमीटर खचलाय आणि मागच्या बाजूचा तुकडा आहे का, ते लिहा. सर्जन ऑपरेशन त्यावर ठरवतो. पेल्व्हिक बाइंडर बांधून आलेल्या पेशंटच्या बाबतीत सावध राहा. बाइंडरने उघडलेला पेल्व्हिस मिटून जातो आणि सीटीत सगळं जागेवर दिसू शकतं. बाइंडर होता, हे रिपोर्टात लिहाच.

बीपी लागत नसलेला पेशंट सीटीला आणू देऊ नका. त्याला आधी थिएटर किंवा आयसीयू लागतं, पोर्टेबल एक्स-रे आणि ई-फास्टवर तेवढ्यापुरतं काम भागतं. लहान मुलांच्या बाबतीत हात आखडता घ्या. एक्स-रेवर काम होत असेल तर सीटी नको, आणि केलाच तर वजनाप्रमाणे डोस कमी करायला सांगा. घरात पाय घसरून पडलेल्या, पाऊल टेकू न शकणाऱ्या आजींचा सीटी नॉर्मल आला म्हणून त्यांना घरी पाठवू नका. विरळ हाडातली भेग सीटीला चकवते, एमआरआय करा.

आणि शेवटचं सांगणं. अस्थिर मणका, मानेतली भेग, खुब्याची संशयित मान, यातलं काहीही सापडलं तर रिपोर्ट टाइप होऊन येईपर्यंत थांबू नका. कन्सोलवरून उठा, सर्जनला स्वतः फोन करा, तो नाही उचलला तर सिस्टरना सांगा, वॉर्डात निरोप पोचला याची खात्री करा, आणि कुणाला किती वाजता सांगितलं ते रिपोर्टात लिहून ठेवा.