आधी मैदान, मग डोंगर

चि. सायलीस,


तुझा सुट्टीचा बेत वाचला. २० एप्रिलला परीक्षा संपली की लगेच मनाली, तिथून काझा, मग दिल्ली-आग्रा, जैसलमेर, बनारस आणि मे-अखेरीला कोलकाता करून घरी. ‘आधी गारव्यात राहून घेते, उन्हाचं नंतर बघू,’ असं तू लिहिलंस. ताईला ते पटलेलं दिसतं, मला पटलं नाही. ठिकाणं छान निवडलीस, पण क्रम पार उलटा लावलास.

पहिली गोष्ट म्हणजे एप्रिलअखेर मनालीहून काझाला जाताच येत नाही. वाटेत साडेचार हजार मीटरवर कुंझुम खिंड आहे. तिथलं बर्फ काढून रस्ता सुरू व्हायला मेचा शेवट, कधी जून उजाडतो. दुसरी गोष्ट, तू पहाडातून खाली उतरशील तेव्हा मैदानातलं ऊन ऐन भरात असेल. आमच्याकडे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांना नवतपा म्हणतात, तेव्हा शहाणा माणूस दुपारी दाराबाहेर पडत नाही. आणि तू त्याच सुमारास थरच्या वाळवंटात! जोधपूरहून जैसलमेरला जाताना वाटेत फलोदी लागतं. तिथे १९ मे २०१६ ला पारा ५१ अंशांवर गेला होता. जैसलमेर यादीतून खोड, डिसेंबरात जा. तो किल्ला कुठे पळून जात नाही.

आता माझा क्रम ऐक. आधी कल्याणहून कोलकाता, मग बनारस, आग्रा, दिल्ली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात सिमल्यावरून किन्नौर, स्पिती. मैदान एप्रिलमध्येच हातावेगळं होतं आणि ऊन चढत जाईल तसतशी तूही वर चढत जातेस. किन्नौरकडचा रस्ता सतलजच्या काठाने हळूहळू उंची गाठतो, त्यामुळे शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. कल्पाला दोन रात्री, नाकोला एक, मग काझा. दिल्लीकडच्या शाळांना सुट्ट्या साधारण मेच्या मध्यास लागतात. त्याच्या आत सिमला मागे टाकलंस तर हॉटेलवाले जरा माणसासारखे बोलतील.

डोंबिवलीत वाढलेल्या पोरीला ऊन काय शिकवायचं, असं तुला वाटेल. पण तुझं ऊन वेगळं, आमचं वेगळं. इथे विदर्भात पारा ४५ वर गेला तरी अंग कोरडं असतं. घाम येत नाही असं नव्हे, आला तसा उडून जातो. म्हणूनच इथे माठातलं पाणी गार होतं आणि वाळ्याची ताटी लावलेला कूलर खोली निववतो. फसगतही इथेच होते. घाम दिसत नाही, तहान उशिरा लागते आणि तोवर शरीरातलं पाणी बरंच गेलेलं असतं. बनारस-आग्र्याला तुला हेच ऊन भेटेल, तिथे त्याला लू म्हणतात. तिथे तहानेची वाट न बघता पीत राहायचं. बनारसला सत्तूचा घोळ मिळतो, बेलाचं सरबत मिळतं. पी बिनधास्त, फक्त गाडीवरचा बर्फ नको.

कोलकात्यात याच्या उलट. पारा ३६ दाखवेल आणि तू म्हणशील, हे तर काहीच नाही. पण हवाच ओली असल्याने घाम वाळत नाही, शरीर निवत नाही आणि चार तासांत माणूस गळून जातो. तिथे कूलर असलेली खोली स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नको, दमटपणा आणखी वाढेल. साधा पंखा आणि मोठी खिडकी बरी. संध्याकाळी वायव्येकडून काळे ढग उठले की ती कालबैसाखी. आपल्या वळवाच्या पावसाचीच जात, पण वारा फार जोराचा. झाडाखाली किंवा जाहिरातीच्या फलकाखाली थांबू नको. त्या दिवशी रात्रीची गाडी असेल तर स्टेशन लवकर गाठ.

आणखी एक गंमत. घड्याळ सगळ्या देशाचं एक, पण सूर्य पूर्वेकडे आधी उगवतो. मेच्या सुरुवातीला कोलकात्यात पाचच्या सुमाराला उजाडतं, तुमच्या मुंबईत सहा वाजून जातात. म्हणजे डोंबिवलीच्या सवयीने आठला बाहेर पडलीस तर तिथे ऊन केव्हाच चढलेलं असेल. साडेचारला ऊठ, पाचला रस्त्यावर हो. बनारसचे घाटही पहाटेच बघायचे. ताजमहाल सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो, त्या रांगेत उभी राहा. शुक्रवारी तो बंद असतो हे ध्यानात ठेवून आग्र्याची तारीख ठरव. अकरा ते चार ही वेळ छपराखालची. कोलकात्यात १८१४ साली स्थापन झालेलं इंडियन म्युझियम दुपारीच बघ. ते सोमवारी बंद असतं.

रेल्वेच्या बाबतीत तरी मामाचं ऐक, काळ्या कोटात जन्म गेलाय. आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळीच बस. तत्काळच्या भरवशावर राहू नको. स्लीपरमध्ये वरचा बर्थ मागू नको, दिवसभर तापलेला पत्रा तिथे डोक्याशी येतो. दुपारी खिडकी उघडी ठेवून वारा घेण्यात अर्थ नाही. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असेल तर ती तापवतेच. झडप खाली ओढायची किंवा ओला पंचा पिळून खिडकीला बांधायचा. आमचे जुने प्रवासी हेच करायचे आणि अख्खा डबा त्यांना दुवा द्यायचा.

ओआरएसची पाकिटं घे आणि एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाल. अर्ध्या बाटलीत ढवळून प्यायचा आगाऊपणा नको. कुणी ऊन लागून असंबद्ध बोलू लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर त्याला पाणी पाजत बसू नको. सावलीत आण, अंगावर पाणी ओत, वारा घाल आणि सरळ दवाखान्यात ने.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. स्पितीसाठी जाड जॅकेट लागेलच, ते सुरुवातीपासून पाठीवर वागवू नको. दिल्लीला आत्याकडे कुरियरने पाठवून दे.

हावड्याला जाताना नागपूर वाटेवरच आहे. दोन दिवस उतर, तशी दोन तिकिटं काढ. मामी पन्ह्यासाठी कैऱ्या उकडून ठेवणार आहे. तारीख मात्र आठवड्याभरात कळव, नाहीतर माझा एक जुना सहकारी आरक्षणाला मदत करू म्हणतोय, तोही सुट्टीवर जाईल.

तुझा,
बंडूमामा