हरवलेली वस्तू आणि दुसरे शील

पंचशीलातले दुसरे शील आपण नित्य म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे. तरी पुष्कळ उपासक म्हणतात, "गुरुजी, आम्ही कुणाचे घर फोडत नाही, खिसा कापत नाही. हे शील आमच्याकडून आपोआपच पाळले जाते." मूळ पाली शब्द नीट पाहिला म्हणजे हे समाधान टिकत नाही. शब्द आहे 'अदिन्नादान'. अदिन्न म्हणजे न दिलेले, आदान म्हणजे घेणे. घर फोडण्याचा त्यात उल्लेखच नाही. मग वाटेत पडलेली वस्तू उचलली तर? ती कुणी दिलेली नसते आणि कुणापासून हिसकावलेलीही नसते.

हा प्रश्न आपल्या भोर-वेल्ह्याकडे थंडीत हटकून येतो. दिवाळीनंतर भात कापून खळ्यावर येते. झोडणी, उफणणी, पेंढ्याची उडवी रचणे, गवत कापणे, जळणाच्या मोळ्या आणणे, शेणी थापणे ही सारी कामे याच दिवसांतली. गार पाण्याने आणि वाऱ्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोट किंचित बारीक होते आणि अंगठी किंवा जोडवे सैल पडते. वस्तू पेंढ्यात जाते आणि संध्याकाळी हात धुताना ध्यानात येते.

तथागतांच्या काळीही असे घडले होते. विनयपिटकात पाचित्तिय नियमांपैकी ८४ वा नियम याच विषयावर आहे. श्रावस्तीजवळ अचिरवती नदीवर एक ब्राह्मण स्नानाला आला आणि पाचशे नाण्यांची थैली काठावर विसरून गेला. एका भिक्खूने ती हरवू नये म्हणून उचलून ठेवली. ब्राह्मण धावत परत आला, थैली मिळाली, पण आता या भिक्खूला काही द्यावे लागेल या विचाराने तो म्हणाला, "माझी पाचशे नव्हती, हजार होती!" भिक्खूला त्याने अडवून ठेवले. तेव्हा मौल्यवान वस्तू भिक्खूने उचलू नये असा नियम झाला. पुढे विशाखा उपासिकेचे दागिन्यांचे गाठोडे विहारात राहून गेले. नियमामुळे त्याला हात लावावा कसा, अशी पंचाईत झाली. तथागतांनी नियम दुरुस्त केला : विहारात किंवा राहत्या जागी सापडलेली वस्तू उचलावी, 'ज्याची असेल तो घेऊन जाईल' अशा बुद्धीने जपून ठेवावी. नियम माणसांसाठी असतो आणि अनुभवाने सुधारतो, हेही येथे दिसते. (अट्ठकथेत पुढे विशाखेने तो दागिना परत न घेता त्याच्या किमतीतून पूर्वाराम विहार बांधल्याची कथा आहे. ती मोठी आहे, वेगळी सांगावी लागेल.)

अट्ठकथाकारांनी अदिन्नादानाची पाच अंगे सांगितली आहेत. वस्तू दुसऱ्याची असणे, ती दुसऱ्याची आहे हे ठाऊक असणे, चोरण्याची बुद्धी, त्यासाठी प्रयत्न आणि त्या प्रयत्नाने वस्तू घेतली जाणे. सापडलेली वस्तू उचलणे म्हणजे चोरी नव्हे. ती खिशात घालून गप्प बसणे ही चोरी. देशाचा कायदाही हेच म्हणतो. पूर्वी दंडसंहितेचे कलम ४०३ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ आहे. मालक ठाऊक असताना, किंवा शोधणे शक्य असताना, तशी खटपट न करता वस्तू आपली करणे हा गुन्हा आहे.

आता दुसरी बाजू. ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आमच्या भागातल्या एका वाडीत काही वर्षांमागे एका बाईंची नाकातली फुली खळ्यावर पडली. घरची चार माणसे आणि रोजाने आलेली एक कातकरी मुलगी एवढेच तेथे होते. झडती त्या मुलीचीच झाली. घरच्या कुणाच्या पदराची गाठ कुणी सोडून पाहिली नाही. फुली मिळाली नाही. मुलगी परत कामाला आली नाही आणि तिची दोन दिवसांची मजुरीही कुणी पोचवली नाही. हे घर आपल्यापैकीच, दीक्षा घेतलेले. वरची पाच अंगे लावून पाहा. फुली कोणी घेतली हे कुणालाच सांगता येणार नाही. पण दुसऱ्याच्या घामाचा पैसा, तो दुसऱ्याचा आहे हे ठाऊक असून, कोणाकडे राहिला हे साऱ्या वाडीला ठाऊक आहे.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आपल्या वाडवडिलांकडेही याच नजरेने पाहिले जाई. ती नजर आपण आपल्याहून गरिबावर रोखावी काय? देवऋषीचेही तेच. तो तांदळाचे दाणे मोजतो, पण त्याआधी 'तिथे कोण कोण होते?' हे विचारून घेतो आणि ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याचेच नाव बहुधा काढतो.

शोधायचेच तर असे शोधावे. काम तेथेच थांबवावे. पेंढा गुरांपुढे टाकू नये, झाडलोट उकिरड्यात जाऊ देऊ नये. पेंढी-पेंढी चादरीवर झटकावी. उरलेली माती घमेल्यात पाणी घालून हलवत धुवावी. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड, साधा दगड अडीच पट. म्हणून माती वाहून जाते आणि सोने तळाशी बसते. सराफाच्या दुकानातली धूळ धुणारे झारेकरी हेच करतात.

विहारात सापडलेल्या वस्तूंसाठी एक पेटी आणि वही ठेवावी. पैसे असतील तर दोघांसमोर मोजून आकडा लिहावा. अचिरवतीवरचा ब्राह्मण केव्हाही येऊ शकतो. मागायला येणाऱ्याला वस्तू आधी दाखवू नये, तिची खूण त्याच्याकडून विचारून घ्यावी आणि मग द्यावी.