चिंध्या आणि दोर
(शास्त्रपाठ : यिर्मया 38:6-13, 39:15-18)

यिर्मयाला चिखलाच्या हौदातून वर काढणारा एबद-मलेख हा राजवाड्यातला कूशी चाकर. त्याने राजाची परवानगी मिळवली, तीस माणसे घेतली आणि दोराबरोबर जुन्या चिंध्याही खाली सोडल्या. संदेष्ट्याच्या काखेत दोर काचू नये म्हणून. आम्हांला त्या चिंध्यांचे फार मोल वाटते.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यात अग्निशामक दलाच्या जवानांनी अडकलेल्यांना असेच बाहेर काढले. आम्हां हिंडलगेकरांना मार्कंडेय नदी परकी नाही. गुडघाभर वाहते पाणीही धडधाकट माणसाला पाडते. म्हणून जवान आधी स्वतःला दोर बांधतो. नाहीतर वाचवायची माणसे दोन होतात!

सरकार प्रजासत्ताक दिनी व स्वातंत्र्यदिनी अग्निशमन सेवेची पदके देते. 1944 साली मुंबई गोदीतील स्फोटात बळी पडलेल्या 66 जवानांचे स्मरण 14 एप्रिलला होते. मंडळीने काय करावे? एबद-मलेख याचा अर्थच ‘राजाचा चाकर’. त्याचे खरे नाव कदाचित कोणी विचारलेही नसेल. तरी परमेश्वराने त्याला स्वतंत्र निरोप पाठवला. येत्या 14 एप्रिलला आपण जवळच्या अग्निशामक केंद्रात जाऊ, 2019 साली बोटीवर कोण कोण होते ते विचारू, आणि रविवारच्या प्रार्थनेत ती नावे घेऊ.