शिबिराला निघालेल्या लेकराची तयारी



उन्हाळ्याची सुट्टी लागली की विहाराविहारांतून श्रामणेर शिबिरांची नावनोंदणी सुरू होते. आपल्या वस्तीतली बरीच मुले याच शिबिरात पहिल्यांदा आई-बापाशिवाय आठ-दहा दिवस राहतात. चिवर कुठून आणायचे, केस कधी काढायचे, याची चर्चा घरात होते. तब्येतीची मात्र होत नाही. म्हणून या वेळी तेवढेच बोलू.

राहुलची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. राहुल लहान वयात श्रामणेर झाला तेव्हा आजोबा शुद्धोदन फार दुखावले. आई-वडिलांच्या परवानगीशिवाय कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती त्यांनी केली आणि भगवान बुद्धांनी तसा नियमच केला. पण परवानगी म्हणजे नुसती फॉर्मवर सही नव्हे. आपल्या लेकराला कोणता त्रास आहे, काय औषध लागते, हे सांगणे त्यातच आले.

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका शिबिरात आम्ही आरोग्यसेवेला होतो. तिसऱ्या रात्री बारा वर्षांचा एक मुलगा पाय धरून रडू लागला. आधी वाटले, चालून पाय दुखले असतील. मग त्याने हळूच सांगितले, "मला सिकलसेल आहे. आईने सांगू नको म्हटलंय." संडास लांब आणि अंधारात, म्हणून तो दुपारनंतर पाणीच पीत नव्हता. ऊन, थकवा आणि कमी पाणी, या तिन्हींनी सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदना सुरू होऊ शकतात. त्याला रात्रीच दवाखान्यात नेले, सलाईन लावले. सकाळी आई आली आणि म्हणाली, "ताई, सांगितलं असतं तर तुम्ही त्याला घेतलंच नसतं."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून ही गोष्ट पालकांना जितकी सांगायची, तितकीच शिबिर घेणाऱ्यांनाही.

पालकांनी काय सांगावे?
सिकलसेल, दमा, फिट, मधुमेह, हृदयाचा आजार, एखाद्या औषधाची अॅलर्जी, यातले काहीही असेल तर कागदावर लिहून द्या. गोळ्या सुट्या पुडीत देऊ नका, पाकिटासकट द्या. कोणती गोळी, किती, केव्हा, हे चिठ्ठीवर लिहा. फिटची गोळी एक दिवसही चुकता कामा नये. दम्याचा पंप मुलाजवळच असू द्या. सिकलसेलचे कार्ड सोबत द्या. अशा मुलाला ताप आला तर वाट न पाहता दवाखान्यात न्यायचे, हे लिहूनच द्या. रात्री अंथरूण ओले होत असेल तर तेही एका जबाबदार माणसाच्या कानावर घाला. सांगितले तर त्याला झोपण्याआधी आठवण करून देता येते. लपवले तर सगळ्यांसमोर त्याची फजिती होते.

दुपारनंतरचे जेवण
श्रामणेर दुपारी बारानंतर जेवत नाहीत. निरोगी मुलाला याची सवय आठवडाभर आधी लावा. सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण पोटभर द्या, संध्याकाळचे हळूहळू कमी करा. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाबद्दल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच ठरवू नका. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही विनयात आजाऱ्याची औषधे म्हणून सांगितली आहेत. आजारी लेकराला गुळाचे पाणी दिले म्हणून शील मोडत नाही.

केशवपन, खरूज, उवा
केस काढताना प्रत्येक मुलासाठी नवे ब्लेड हवे. एकाच ब्लेडने रक्तातून कावीळ 'बी' आणि एचआयव्ही पसरू शकतो. हे विचारायला लाजू नका. खरूज असेल तर जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या, नाहीतर सतरंजीवरून ती शिबिरभर पसरते. उवांचेही तसेच. मुलींच्या शिबिराला जाणाऱ्या लेकीला पाळीबद्दल आधी समजावून सांगा आणि पिशवीत पॅड ठेवा.

घरची आठवण
अमेरिकेतल्या ज्यू समाजात मुलांना उन्हाळ्यात निवासी शिबिराला पाठवण्याची शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या चाळींत राहणाऱ्या गरीब, परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना मोकळी हवा मिळावी, म्हणून 1902 साली सुरू झालेले 'सरप्राइज लेक' शिबिर आजही चालते. तिथल्या आई-बापांनाही हाच प्रश्न पडतो : पोर रडले तर? अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2007 साली याबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातल्या गोष्टी आपल्याही कामाच्या आहेत.

पहिली, मुलाला विचारून ठरवा. ढकलून पाठवलेले मूल जास्त रडते. दुसरी, आधी दोन-तीन रात्री मावशीकडे किंवा आत्याकडे एकटे राहू द्या. तिसरी, आठवण येणारच, ती सगळ्यांना येते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे सांगा. चौथी सगळ्यात महत्त्वाची. "करमलं नाही तर लगेच न्यायला येतो," असे वचन देऊ नका. ते वचन मिळालेले मूल पहिल्या रात्रीपासून दाराकडे बघत बसते. आणि "तुझ्याशिवाय मला जेवण जाणार नाही," असे म्हणून आपले ओझे त्याच्या पाठीवर टाकू नका. त्यापेक्षा म्हणा, "आठवण आली की भन्तेजींना सांग, मित्राशी बोल. दहा दिवस मोज, अकराव्या दिवशी मी दारात उभी आहे."

पण आजारपण, मारहाण किंवा कुणी नको तसा हात लावणे, यात थांबायचे नाही. लगेच मोठ्यांना सांगायचे आणि घरी फोन करायचा, हे मुलाला स्पष्ट शिकवा. आपला नंबर त्याच्याकडून पाठ करून घ्या.

शिबिर घेणाऱ्यांना विनंती
आजार लिहून देणाऱ्या मुलाला परत पाठवू नका. नाकारलेत तर पुढच्या वर्षी सगळे लपवतील. पाण्याचा माठ आणि रात्री संडासापर्यंत दिवा, एवढे तरी हवेच. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर भिंतीवर लावा आणि रात्री एक गाडी तयार ठेवा. अतिसाराने पडलेल्या भिक्खूला कुणी विचारत नव्हते, तेव्हा बुद्धांनी आनंदला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले होते. आजारी लेकराची सोय करणे हा शिबिराचा पहिला धडा आहे.

तो मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा आला. या वेळी कार्ड आईने स्वतः आमच्या हातात दिले.

जय भीम!