बिडी सुटल्यावर श्वासाचे काय होते?
(प्रौढांच्या वर्गासाठी व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी)

व्यसनाचा विषय वर्गात निघाला की आपण बहुधा पैशाचा आणि कर्करोगाचा हिशेब मांडतो. या पाठात आपण श्वासाचा हिशेब पाहू. भेस्तानच्या लोकांना तो फार जवळचा आहे. सुरतेच्या दक्षिणेस, उधना व सचिन या स्टेशनांच्या मध्ये हे गाव. शेजारी पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत. नंदुरबार, धुळे, जळगाव या बाजूंनी पोटासाठी आलेली कित्येक मराठी कुटुंबे या पट्ट्यात राहतात. माग बारा-बारा तासांच्या पाळीत चालतात, आणि रंगाईच्या गिरण्यांच्या बॉयलरांचा धूर वस्तीवर उतरतो. बिडी ओढणारा बंधू म्हणतो, "एवढा धूर रोज छातीत जातोच आहे, त्यात माझ्या बिडीने काय होणार?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

उत्तर श्वासनलिकेत आहे. तिच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे अतिबारीक केस असतात. ते सतत हलत राहून धूळ चिकटलेला कफ वर घशाकडे ढकलीत असतात. घर झाडणारा गडीच म्हणा ना. तंबाखूचा धूर या केसांना बधिर करतो, आणि पुढे पुढे ते झडूही लागतात. म्हणजे जिथे धूळ अधिक तिथेच बिडी ओढणाऱ्याने आपला झाडणारा गडी निजवून ठेवलेला असतो. मागावरची धूळ व गिरणीचा धूर छातीत जातो आणि तिथेच राहतो. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असतो हे खरे. परंतु टेंभुर्णीच्या पानातली ती बिडी विझू नये म्हणून वरचेवर व खोल ओढावी लागते. तेव्हा ती सौम्य असते हा समज सोडून द्यावा.

दमेकऱ्याच्या श्वासनलिका मुळातच सुजलेल्या व चटकन आवळणाऱ्या असतात. धुराने सूज वाढते. शिवाय डॉक्टर जो पंप देतात त्यातील सूज उतरवणारे औषध धूम्रपान करणाऱ्यांवर नीट काम करीत नाही. आपल्याकडे पंपाची सवय लागेल म्हणून पुष्कळजण भितात. बिडीच्या सवयीला मात्र ते भीत नाहीत.

आता बिडी सोडल्यावर काय होते ते पाहू. एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघून जातो. काही आठवड्यांत ते बारीक केस पुन्हा हलू लागतात. आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. केस कामाला लागले म्हणजे साचलेला कफ वर येऊ लागतो, व काहींचा खोकला कमी होण्याऐवजी वाढतो. त्यातच पहिले दोन आठवडे चिडचिड, झोप न येणे हे चालूच असते. मग तो माणूस म्हणतो, "ओढत होतो तेव्हा बरा होतो," आणि पुन्हा काडी पेटवतो. घरच्या माणसांनी व शिक्षकांनी त्याला हे आधीच सांगून ठेवले पाहिजे. हा खोकला बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. पुढील महिन्यांत खोकला व धाप दोन्ही कमी होत जातात. मात्र धाप वाढली, रक्त पडले, ताप आला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. पंप आपल्या मनाने बंद करू नये.

ग्लासगो येथील डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धूम्रपान करणारे ३२ दमेकरी होते. त्यांपैकी काही जणांनी सहा आठवडे सिगारेट सोडली. ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी त्यांची हवा सरासरी ४०७ मिलीलिटरने वाढली. माणसे थोडी होती, तरी जिना चढताना एवढ्या हवेने पडणारा फरक दमेकऱ्याला विचारावा!

एक औषधाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. डेरिफायलीनसारख्या गोळीत थिओफिलीन असते. धुरामुळे शरीर ते औषध लवकर संपवते. बिडी सुटली की तीच मात्रा रक्तात जास्त होऊ शकते. मळमळ, छातीत धडधड होऊ शकते. म्हणून बिडी सोडल्याचे डॉक्टरांना अवश्य कळवावे.

आपण ज्याला सरसकट "दमा" म्हणतो त्यात दोन दुखणी मिसळलेली असतात. वीस-तीस वर्षे बिडी ओढून पन्नाशीत जो दम लागू लागतो तो बहुधा सीओपीडी असतो. त्यात नष्ट झालेली फुप्फुसे परत येत नाहीत. पण सोडल्यावर झीज मंदावते. राहिलेला श्वास राखणे हेही लहान काम नव्हे.

आणि मुले? स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास बंदी झाली. त्याआधी दम्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचे प्रमाण वर्षाला सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होते. नंतर ते वर्षाला सुमारे १८ टक्क्यांच्या गतीने घटू लागले. आपल्या देशात सार्वजनिक ठिकाणच्या बंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून कडक झाले, पण एका खोलीच्या घरात कायदा येत नाही. दारात उभे राहून ओढले तरी धूर आत येतोच.

सोडू पाहणाऱ्याला चारचौघांत लाजवू नये. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ त्याच्याशी बोलत बसावे. बिडीऐवजी तंबाखू-चुना वा गुटखा धरणे म्हणजे छातीचे दुखणे तोंडावर नेणे होय. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

मुलांच्या वर्गात शिक्षकांनी सरबताची बारीक नळी प्रत्येकास द्यावी, नाक धरायला लावावे आणि अर्धा मिनिट फक्त नळीतून श्वास घ्यायला सांगावे. दमेकऱ्याला कसे वाटते ते त्यांना कळेल. कोणास त्रास वाटल्यास लगेच थांबवावे. वर्गात ज्या मुलाला दमा असेल त्याला नळी देऊ नये; त्याची इच्छा असल्यास, रात्री छाती भरून येते तेव्हा काय होते ते त्यालाच सांगू द्यावे.