सायकलवर हेल्मेट कशाला?

मैत्रिणींनो, शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सायकलनं कामाला जाता ना? मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारसायकलवाल्यांना आणि मागं बसणाऱ्यांना हेल्मेट सक्तीचं करतं, सायकलला नाही. पण पडल्यावर डोकं दोघींचंही सारखंच फुटतं.

हेल्मेट अपघात टाळत नाही. आतला थर्माकोलसारखा थर दबतो आणि डोक्याला बसणारा धक्का कमी होतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं पुन्हा वापरू नका. अंबाडा सोडून वेणी घाला, म्हणजे नीट बसतं. हनुवटीखालचा पट्टा घट्ट लावा.

ऊसाच्या हंगामात ट्रॉल्या अंधारातही धावतात. मागं लाल रिफ्लेक्टर हवाच.

खर्च जड वाटला तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या. "लोक हसतील" म्हणून थांबू नका. येत्या बैठकीत सगळ्याजणी मिळून ठरवा.