रेंज फुल, तरी व्हिडिओ का अडकतो?

प्रश्न : आमचं घर एकाच कंपनीच्या दोन टॉवरच्या मधोमध आहे. रेंज फुल दिसते, तरी व्हिडिओ अडकतो. टॉवरची पॉवर का वाढवत नाहीत?

उत्तर : रेंजच्या दांड्या सिग्नलचा जोर दाखवतात, स्पष्टपणा नव्हे. ४जीमध्ये शेजारचे टॉवर सहसा एकच फ्रिक्वेन्सी वापरतात, त्यामुळे एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या ग्राहकाला गोंगाट ठरतो. शेजारशेजारच्या मांडवांतले दोन्ही लाउडस्पीकर मोठे करून काय साधणार? खरा उपाय म्हणजे टॉवरनी आपसांत ठरवून बोलणं. हिशेब पाहा. दोन्ही सिग्नल सारखेच असतील, तर माहिती-सिद्धांतातल्या शॅननच्या सूत्रानुसार दर हर्ट्‌झमागे सेकंदाला फार तर १ बिट जातो. शेजारी गप्प राहिला आणि सिग्नल उरलेल्या गोंगाटाच्या १०० पट झाला, तर ही मर्यादा ६.६६ बिटांवर जाते.

गप्प बसण्यात वेळ वाया जातो, हा आक्षेप रास्त आहे. पण आळीपाळीने निम्माच वेळ मिळाला, तरी ३.३ बिट पदरात पडतात. टॉवरजवळच्या ग्राहकाला मात्र ही वाटणी तोट्याची, म्हणून ती सीमेवरच्यांपुरतीच ठेवायची. दोन्ही टॉवरनी तोच डेटा एकत्र पाठवणं याहून सरस. ४जीच्या एलटीई या मानकाच्या ११व्या रिलीजमध्ये तशी तरतूद आहे. पण त्यासाठी लहरी तालात पोचायला हव्यात. टॉवरना जोडणाऱ्या फायबरमधून २० किलोमीटरला प्रकाश जेमतेम ०.१ मिलिसेकंद घेतो. खरा उशीर वाटेतल्या उपकरणांत होतो आणि तोवर धावत्या गाडीतल्या फोनची स्थिती बदललेली असते. म्हणून असं सहकार्य मोजक्याच टॉवरमध्ये परवडतं.